लातूरच्या एका पॅरामेडिकल इन्स्टिट्यूटचा रिव्ह्यू: डीएमएलटीचे (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाचे) पैसे भरायच्या आधी वाचा

५ पैकी २ स्टार. नाव मुद्दाम देत नाही, कारण अशा इन्स्टिट्यूट नांदेड, परभणी, बीड सगळीकडं निघाल्यात आन् मला एकाच इन्स्टिट्यूटला धरून बोलायचं नाही.

मी स्वतः लॅब टेक्निशियन आहे, दवाखान्यात रोज सकाळी रक्त काढणं हेच काम. पुतणीला नीटमध्ये कमी मार्क पडले, तिला डीएमएलटी करायचंय, म्हणून दादा-वहिनीसोबत मी पण बघायला गेलो.

आधी चांगलं सांगतो. प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडम एक नंबर आहेत. एक पोरगी काचेच्या स्लाइडवर स्मिअर (रक्ताचा पातळ थर) ओढत होती, तो जाड झाला, मॅडमनी तिचं मनगट धरून स्लाइड किती तिरकी धरायची ते दाखवलं आणि परत काढायला लावला, रागावल्या नाहीत. मायक्रोस्कोप पण पुरेसे आहेत. ह्या दोन गोष्टींचेच दोन स्टार.

आता बाकीचं. ॲनालायझरवरचं (रक्त तपासायच्या मशीनवरचं) प्लास्टिक अजून काढलेलं नाही. कोर्स संपत आलेल्या एका पोराला मी विचारलं की निळा बल्ब (रक्त घ्यायची निळ्या झाकणाची नळी) रेषेपर्यंतच का भरायचा, तर म्हणला सर भरायचा असतो म्हणून भरतो. त्याचा काही दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नाही. त्यात सायट्रेट (रक्त गोठू न देणारं औषध) असतं, एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त लागतं, रक्त कमी पडलं तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) खोटा वाढून येतो, आणि हार्टचा व्हॉल्व्ह बदललेल्या पेशंटच्या रक्त पातळ करायच्या गोळीचा डोस त्याच आकड्यावर ठरतो. आकडा उगाच जास्त आला म्हणून डॉक्टरनं गोळी कमी केली आन् व्हॉल्व्हवर गुठळी झाली तर काय करायचं? एवढ्यासाठीच शिकवणीचे नियम पाहिजेत, कागदं रंगवायला नाही.

पोस्टिंगचं (हॉस्पिटलात प्रत्यक्ष कामावर पाठवायचं) विचारलं तर "ज्याचं त्यानं बघायचं" असं उत्तर. अरे बाबा, हे शिक्षण वॉर्डात आणि ओपीडीच्या गर्दीत होतं. संभाजीनगरच्या घाटी हॉस्पिटलात नाहीतर अंबाजोगाईच्या सरकारी कॉलेजात सकाळी रक्त द्यायला लाइन लागते, तसल्या गर्दीत हात बसतो, रबरी हातावर सुया टोचून नाही बसत.

मग ऑफिसात गेलो. बोर्डावर "सरकारमान्य" मोठ्या अक्षरात आहे, मी म्हणलं मान्यतेचं पत्र दाखवा, तर फाइलमधून काय निघालं तर आयएसओ सर्टिफिकेट, ट्रस्टची नोंदणी आन् उद्यमचा (छोट्या धंद्याच्या नोंदणीचा) कागद. ह्यातलं एकही कोर्सची मान्यता नाही. परीक्षा कुठलं विद्यापीठ किंवा मंडळ घेतं, पुढं महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिलला पोरीची नोंदणी होईल का, हे दोनच प्रश्न होते माझे. "सगळं होतं ओ, टेन्शन घेऊ नका, आज सीट बुक करा" एवढंच परत परत.

आणि कोर्स एक वर्षाचा! नर्सिंगला १९४७ पासून कौन्सिलचा कायदा आहे, फार्मसीला १९४८ पासून, पण लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, डायलिसिसवाल्या आमच्यासारख्यांसाठी देशपातळीवर कायदा यायला २०२१ उजाडलं. त्या कायद्यात, ज्याच्याखाली नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स आलं, स्पष्ट लिहिलंय की अलाइड हेल्थ प्रोफेशनल (म्हणजे आमच्यासारखे टेक्निशियन) म्हणायला डिप्लोमा किंवा डिग्री किमान २००० तासांची आणि दोन ते चार वर्षांत केलेली पाहिजे. मग एक वर्षाचा कागद घेऊन लेकरानं उद्या जायचं कुठं? मी हे सांगितलं तर ऑफिसातले सर म्हणले ते दिल्लीचे नियम आहेत, इकडं चालतं. नाही चालत सर, कायदा सगळ्या देशाला आहे.

अजून एक गोष्ट, जी ऐकून मला खरंच राग आला. "कोर्स झाला की गावात स्वतःची लॅब टाका, रिपोर्टवर स्वतःची सही करा" असं सांगून ॲडमिशन घ्यायलेत. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१७ मध्येच सांगितलंय की लॅब रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पीजी केलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही पाहिजे. आईबाप सोयाबीनच्या पैशातून फी भरायलेत, त्यांना हे कोण सांगणार?

आम्ही ॲडमिशन घेतलं नाही. दोन वर्षांचा कोर्स आणि जोडलेलं मोठं हॉस्पिटल असलेल्या ठिकाणी पुतणीचा फॉर्म भरलाय, तिथलं मान्यतेचं पत्र आधी मागून घेतलं, त्यांनी तिथल्या तिथं झेरॉक्स दिली.

इथल्या मॅनेजमेंटला एकच सांगणं, मान्यतेचं पत्र भिंतीवर लावा, ॲनालायझर चालू करा आणि पोरांची पोस्टिंग एखाद्या हॉस्पिटलात लावून द्या, मी परत येऊन बघतो आणि स्टार वाढवतो. आन् प्रॅक्टिकलच्या मॅडमना तेवढं जाऊ देऊ नका.