सावलीसाठी बारीक खोडाचा पाम: चामेडोरिया की रॅपिस?

घराच्या उत्तरेची पट्टी किंवा आंब्याखालची जागा बहुतेक रिकामीच राहते. बारीक खोडाचे हे दोन्ही पाम तिथे शोभतात, कारण मूळचे ते झाडांच्या सावलीत वाढणारे. पण बेळगाव भागात निवड तालुक्यावर ठरवावी, असं माझं ठाम मत आहे.

चामेडोरिया, म्हणजे नर्सरीतला बांबू पाम, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. हिरवी, पेरं असलेली खोडं, पिसासारखी पानं, उंची साधारण दोन-तीन मीटर. त्याला दमट हवा लागते. खानापूर, जांबोटीकडचा पाऊस आणि निचऱ्याची लाल माती त्याला मानवते. अथणी, चिकोडीच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र लाल कोळी ही बारीक कीड पानांच्या मागे जाळी करते. तिथे लावलाच तर पानं खालून पाण्यानं धुवत राहा. फळांचा गर हाताला लागला की खाज सुटते, म्हणून लहान मुलं असतील तर घोस वेळीच कापा.

रॅपिस चिनी घराण्याचा. पानं पंख्याच्या आकाराची, खोडावर तपकिरी धाग्यांचं वेष्टण. थंडी आणि थोडी कोरडी हवा दोन्ही सोसतो. वाढ फार संथ, म्हणून रोप महाग. पण बुडाशी फुटलेले कोंब मुळांसकट वेगळे करून शेजाऱ्यांनाही देता येतात! काळ्या मातीत वाळू आणि शेणखत मिसळल्याशिवाय लावू नका, पाणी साचलं की मुळं कुजतात.

दुपारचं ऊन दोघांनाही नको, पानं पिवळी पडून करपतात. बेळगाव शहरात मी रॅपिसच लावीन.