बिनघडीचा लाकडी कॅमेरा घ्यावा की घडीचा?

४×५ इंची फिल्मचा लाकडी कॅमेरा घ्यायचा ठरला की लोक आधी कंपन्यांची नावं विचारतात. मी उलट विचारतो: तुमची सगळ्यात जास्त वापरातली लेन्स कोणती? तिच्यावरूनच ठरतं की कॅमेरा मिटणारा, घडीचा घ्यायचा की कायम उभ्या चौकटींचा, बिनघडीचा.

घडीच्या कॅमेऱ्यात पुढचा पाट खाली उघडतो, त्यावरच्या रुळांवर लेन्सची पुढची चौकट ओढून आणायची, खटके कसायचे, मग लेन्स बोर्ड, म्हणजे लेन्स जडवलेली पट्टी, बसवायचा, आणि शेवटी लेन्सची आणि फिल्मची अशा दोन्ही चौकटी एकमेकींना समांतर आहेत ना हे पाहायचं. बिनघडीच्यात पुढची आणि मागची चौकट आधीच उभी असते. छोटी वाइड लेन्स असेल तर ती कॅमेऱ्यावरच ठेवून पिशवीत घालता येते. ट्रायपॉडवर बसवला, काळं कापड डोक्यावर घेतलं, की लगेच फोकस सुरू.

वाचताना हा फरक दोन-तीन मिनिटांचा वाटतो. पण सिन्नरच्या गोंदेश्वराला सकाळचं तिरकं ऊन शिखराच्या कोरीव कामावर येतं, तेव्हा त्या दोन-तीन मिनिटांतच सावल्या बदलतात. मी घडीचा कॅमेरा घेऊन तिथे उभा होतो, लेन्स ९० मिमीची, फोटो उभा. शिखर सरळ राहावं म्हणून कॅमेरा पाणसळीत ठेवला आणि पुढची चौकट वर सरकवली, म्हणजे राइज दिला. घाई इतकी होती की मागच्या फोकसच्या काचेच्या कडा नीट पाहिल्याच नाहीत. फिल्म धुतल्यावर कळलं, पाटाची कड फोटोत आली होती. वाइड लेन्सची चौकट पाटावर मागे बसते आणि पाट तिच्या पुढे जिभेसारखा राहतो, म्हणून असं होतं. बऱ्याच घडीच्या कॅमेऱ्यांत पाट खाली झुकवून मार्ग निघतो, पण मग सगळी जुळणी पहिल्यापासून. वाइड लेन्स डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या बिनघडीच्या कॅमेऱ्यात लेन्सपुढे काही येतच नाही.

बेलोजचंही, म्हणजे दोन्ही चौकटींना जोडणाऱ्या घडीदार भात्याचंही, तसंच. घडीच्या कॅमेऱ्याचा बेलोज लांब असतो. ६५ किंवा ७५ मिमीच्या लेन्ससाठी तो दाबून दाबून इतका घट्ट होतो की राइज द्यायला जागाच उरत नाही. त्यासाठी वेगळा, सैल पिशवीसारखा बेलोज घ्यावा लागतो, तोही कॅमेऱ्याला बदलता येणारा बेलोज असला तर. मंदिरं, वाडे, लेण्यांची आतली दालनं, अरुंद गल्ल्या हे तुमचं काम असेल तर मी बिनडोक्याने नाही, पूर्ण विचाराने सांगतो: बिनघडीचा घ्या.

आता दुसरी बाजू. माणसांचे फोटो काढायचे असतील तर आकडेमोड करून बघा. २१० मिमीची लेन्स, माणूस लेन्सपासून दीड मीटरवर, तर लेन्स फिल्मपासून साधारण २४४ मिमी पुढे यावी लागते. १५० मिमीची लेन्स एक मीटरवर १७६ मिमी मागते. त्याच लेन्सने एखादं फूल आहे त्या आकारात टिपायचं तर ३०० मिमी. वाइडसाठी बनवलेले लहान बिनघडीचे कॅमेरे इथे थकतात, त्यांचा बेलोज इतका ताणतच नाही. थोडी सुटका टेलिफोटो रचनेच्या लेन्सनी होते. निकॉनच्या निकॉर टी २७० मिमीला अनंतावर, म्हणजे अगदी दूरच्या दृश्यावर, फोकस करायला साधारण १९० मिमी पुरतात. पण जवळचं काम तिच्याकडूनही होणार नाही. पोर्ट्रेट हाच जीव असेल तर घडीचा कॅमेराच बरा, त्यात मला शंका नाही.

पिशवीचा विचारही करा. मिटलेला घडीचा कॅमेरा जाडजूड ग्रंथासारखा सपाट होतो, बिनघडीचा डब्यासारखा जागा अडवतो. हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जायचं, पाठीवर पाणी, अंथरूण, फिल्म होल्डर आणि ट्रायपॉड, अशा वेळी हा फरक खांद्याला कळतो. गाडीपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर काम करणाऱ्याला तो जाणवणारही नाही.

बिनघडीच्यांत जपानच्या एबोनीचं नाव सगळ्यात वर. हिरोमी साकानाशी यांची ही कंपनी २०१६ मध्ये बंद झाली, त्यामुळे मिळेल तो जुनाच. आरएसडब्ल्यू४५ हा सुटसुटीत, वाइड लेन्सचा. ४५एसयू मोठा, आणि त्याच्या मागच्या चौकटीला असममित टिल्ट-स्विंग (पुढे-मागे झुकवणं आणि डावी-उजवीकडे वळवणं) आहे, म्हणजे फिरण्याचा अक्ष मध्यावर नसून एका बाजूला असतो. अक्षाच्या रेषेवरचा भाग आधी फोकस करायचा, मग चौकट झुकवून उरलेला भाग आणायचा. पहिला भाग हलत नाही. जमिनीवरच्या दगडापासून दूरच्या डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट हवं असणाऱ्यांसाठी ही फार मोठी सोय आहे. लाकूड महोगनीचं किंवा आबनुसाचं. आबनूस देखणा, पण पाण्यात बुडेल इतका जड. चालणाऱ्याने महोगनी घ्यावी.

शांघायच्या शेन हाओचा टीएफसी४५ हा त्याच वळणाचा आणि एबोनीहून बराच स्वस्त. पहिला बिनघडीचा कॅमेरा म्हणून मी तोच सुचवेन. दोन्हीकडे जर्मन लिन्हॉफ कंपनीच्या टेक्निका मापाचे लेन्स बोर्ड चालतात, म्हणजे पुढे कॅमेरा बदलला तरी लेन्स तशाच लागतील. घडीच्यांत ब्रायटनचा इंट्रेपिड हलका आणि परवडणारा आहे. ४×५ आपल्याला झेपतं का हेच अजून पाहायचं असेल, तर तिथून सुरुवात करणं शहाणपणाचं. परदेशातून मागवताना आयात शुल्क आणि टपालखर्च किमतीत आधीच धरा.

जुना घेत असाल तर मागे होल्डर लावून अंधाऱ्या खोलीत जा. लेन्स बोर्ड काढून पेटलेली बॅटरी आत ठेवा, त्या जागी बिनभोकाचा रिकामा बोर्ड लावा, बेलोज पूर्ण ताणा आणि बाहेरून प्रत्येक घडीचा कोपरा बघा. सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला तरी किंमत कमी करून मागा. मग मागची काच काढून-लावून पाहा आणि होल्डर सरकवा. पावसाळ्यात कोकणात राहिलेल्या कॅमेऱ्याचं लाकूड फुगलेलं असतं, आणि होल्डर अडकतो तो तिथेच.