प्लाझ्मा बुडबुडे टिपायला काय घ्यावे: सिंटिलेशन रिसीव्हर की ऑलस्काय कॅमेरा?

प्लाझ्मा बुडबुडे म्हणजे विषुववृत्ताजवळच्या आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरात) रात्री उठणारे कमी घनतेचे भाग. सांगलीतल्या कॉलेजला या दोन यंत्रांपैकी एकच परवडणार असेल, तर आधी हे पाहा.

रिसीव्हर जीपीएससारख्या उपग्रहांच्या संदेशातली लुकलुक (सिंटिलेशन) नोंदतो; तो गच्चीवर बसतो, पावसातही चालतो. नोंद ५० हर्ट्झने (सेकंदाला ५० वेळा) घ्या. क्षितिजापासून ३० अंशांखालचे उपग्रह वगळा, नाहीतर पत्र्यांवरून परावर्तित लहरी एस-४ निर्देशांक (लुकलुकीचे माप) उगाच फुगवतात. मात्र एल-१ या जीपीएस लहरीवर त्याला जाणवते ती साधारण ४०० मीटरची अनियमितता. अख्ख्या बुडबुड्याचा आकार नाही.

आकार दाखवतो तो एका दमात सगळे आकाश टिपणारा ऑलस्काय कॅमेराच. आयनांबरातल्या ऑक्सिजनच्या मंद लाल प्रकाशासाठी ६३० नॅनोमीटरचा अरुंद फिल्टर, थंड केलेला सीसीडी (प्रकाश टिपणारी चिप), मिनिट-दोन मिनिटांचे एक्स्पोजर. फिल्टरचे तापमान ढळले की त्यातून जाणाऱ्या रंगाचा पट्टा सरकतो आणि चित्र फिके पडते. चंद्रप्रकाश, ढग, शहरातले दिवे, तिन्ही वैरी. पावसाळ्यात तर झाकूनच ठेवायचा. कॅमेऱ्यासाठी शहरापेक्षा जतकडचा कोरडा माळ बरा.

वर्षभराची आकडेवारी हवी तर रिसीव्हर. मार्च-एप्रिलच्या अमावास्येभोवती बुडबुड्यांची रुंदी नि पूर्वेकडचा वेग मोजायचा, तर कॅमेरा.