ऐतिहासिक रॅलीसाठी गाडी निवडताना : मिनी कूपर एस की पहिली एस्कॉर्ट?

ऐतिहासिक रॅलीत, म्हणजे जुन्या काळच्या गाड्यांच्या रॅलीत, स्वतःची गाडी घेऊन उतरायचे ठरले की मनात असलेली लांबलचक यादी फार लवकर आटोपशीर होते. लान्चिया फुल्व्हिया पाहताक्षणी मोहात पाडते, पण तिच्या अरुंद व्ही-फोर इंजिनाचे सुटे भाग आणि ते इंजिन नीट जाणणारा मेकॅनिक या दोन्ही गोष्टी दुर्मिळ आहेत. साब ९६ कमालीची चिवट आहे, परंतु तिच्यावर हात बसायला वेळ लागतो. पोर्शे ९११ च्या किमती बहुतेकांच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. अखेर बरेच जण ज्या दोन गाड्यांपाशी येऊन थांबतात त्या म्हणजे १२७५ सीसीची मिनी कूपर एस आणि फोर्ड एस्कॉर्टची पहिली पिढी, म्हणजे मार्क वन. या दोन्ही गाड्यांचा मला लळा आहे. मिनीत मी आधी नॅव्हिगेटर, म्हणजे शेजारी बसून मार्ग आणि वेळ सांगणारा, म्हणून बसलो, नंतर एका मित्राबरोबर भागीदारीत तशीच एक गाडी बाळगली, आणि आता माझ्याकडे १६०० सीसीच्या साध्या पुशरॉड (दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या) इंजिनाची एस्कॉर्ट आहे. पुढे जे लिहितो आहे ते या सहवासातून आलेले आहे. घड्याळ लावून केलेल्या चाचण्या माझ्यापाशी नाहीत.

मिनीची बाजू मांडताना तिच्या विजयांची आठवण टाळता येत नाही, कारण त्या विजयांमागची कारणे आजही गाडी चालवताना जाणवतात. १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्क आणि हेन्री लिडन यांनी मॉन्टे कार्लो रॅली जिंकली, १९६५ मध्ये टिमो मॅकिनेनने, आणि १९६७ मध्ये राउनो आल्टोनेनने. मधल्या १९६६ च्या वर्षी पहिल्या तिन्ही क्रमांकांवर मिनीच होत्या, परंतु हेडलाइटच्या बल्बवरून त्यांना बाद करण्यात आले आणि विजय सिट्रोएनला गेला. फिनलंडच्या थाउजंड लेक्स रॅलीत मॅकिनेनने १९६५ ते १९६७ अशी सलग तीन वर्षे मिनीतच बाजी मारली, त्यांपैकी शेवटच्या वर्षी तर औनिनपोह्या या स्टेजवर, म्हणजे वेळ मोजल्या जाणाऱ्या टप्प्यावर, बॉनेट उघडून काचेवर आलेले असताना त्याने खिडकीतून डोके बाहेर काढून गाडी हाकली. या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती: आडवे बसवलेले इंजिन, त्याच्या पोटात गिअरबॉक्स, आणि हे सारे वजन ओढणाऱ्या पुढच्या चाकांवरच. बर्फावर किंवा ओल्या, अरुंद, उतरत्या डांबरी रस्त्यावर मिनी ज्या विश्वासाने वळणात शिरते, तसा विश्वास मला दुसऱ्या कोणत्याही जुन्या गाडीने दिलेला नाही. उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक लावण्याचे जे तंत्र त्या फिनिश चालकांनी रूढ केले, ते एकदा पायात भिनले की गाडीचे नाक आपण बघू तिकडे वळते.

उलट बाजूने पाहता, १० इंची चाकांमुळे गाडी जमिनीलगत चालते, आणि खडीच्या रस्त्यावर चाकोरीच्या मधला उंचवटा खालच्या संरक्षक पत्र्यावर सतत घासत राहतो. नॅव्हिगेटरच्या मांडीवर नकाशा, रोडबुक आणि स्टॉपवॉच एकाच वेळी मावत नाहीत. स्पर्धेसाठी सरळ दात्यांचे गिअर बसवले असतील तर त्यांच्या किंचाळण्यात हेडफोनमधला आवाजही अर्धवट ऐकू येतो. ठिणगीची वीज वाटणारा डिस्ट्रिब्यूटर पुढच्या जाळीच्या अगदी मागे असल्यामुळे डबक्यातून गाडी गेली की इग्निशन ओले होऊन इंजिन अडखळते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यावर रबरी हातमोजा चढवण्याचा जुना उपाय आजही पुरेसा ठरतो, म्हणून मी ही खोट मनावर घेत नाही. या साऱ्या गोष्टी सवयीने अंगवळणी पडतात.

अंगवळणी न पडणारी गोष्ट एकच आहे आणि माझा निर्णय तिच्यामुळेच झाला. मिनीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे ऑइल एकच असते. क्लचकडून येणारी शक्ती बाजूच्या गिअरांच्या साखळीतून खाली उतरते आणि इंजिनाच्या संपमध्येच, म्हणजे तळाशी ऑइल साठते त्या भागातच, बसवलेल्या गिअरबॉक्सला मिळते. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी जागा वाचवण्यासाठी केलेली ही रचना बुद्धिमत्तेचा अप्रतिम नमुना आहे, आणि रस्त्यावरच्या शांत वापरात तिच्याविषयी तक्रार करावी असे क्वचितच घडते. रॅलीत मात्र गिअरच्या दात्यांचा झिजलेला कीस थेट त्याच ऑइलमध्ये उतरतो जे पुढे क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांना जाते. म्हणून प्रत्येक रॅलीनंतर ऑइल काढताना चुंबक लावलेला ड्रेन प्लग हातात घेऊन उजेडाकडे धरणे हा आमचा ठरलेला विधी झाला होता. त्या चुंबकावर जमलेला लगदा अंगठा आणि बोट यांच्यामध्ये चोळून पाहायचा. तो काजळासारखा मऊ आणि करडा असला तर निश्चिंत व्हायचे. चिमटीत टोचणारी एखादी चकचकीत कपची निघाली तर पुढचे आठवडे कसे जाणार हे तत्क्षणी कळायचे.

कारण ती कपची कुठली हे समजून घेण्यासाठी सगळी गाडी उलगडावी लागते. रेडिएटर, कार्ब्युरेटर, एक्झॉस्ट, दोन्ही ड्राइव्हशाफ्ट आणि गिअरची जोडणी सोडवायची, इंजिन-गिअरबॉक्सचा अख्खा गोळा चेनब्लॉकने वर उचलायचा, मग क्लचचे आवरण काढून फ्लायव्हील पुलरने उपटायचे. हे फ्लायव्हील उतरत्या व्यासाच्या दांड्यावर इतके घट्ट बसलेले असते की पुलर पूर्ण आवळूनही ते जागचे हलत नाही, आणि मग पुलरच्या बोल्टवर हातोडीचा एक नेमका घाव घालून ते सुटण्याची वाट पाहावी लागते. त्यानंतर फ्लायव्हीलचे हाउसिंग निघते, आणि तेव्हा कुठे गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा होतो. आमच्या गाडीत बाजूच्या मधल्या गिअरचे बेअरिंग जाण्याची तक्रार पुन्हा पुन्हा उद्भवली. एका रात्रीच्या रॅलीत पहिल्या टप्प्यानंतर गिअरांचा नेहमीचा सूर बदलला, थोडा खरखरीत झाला. इंजिन उत्तम ओढत होते, आम्ही चांगल्या स्थानावर होतो, परंतु तो आवाज तसाच ठेवून पुढे जाणे म्हणजे क्रँकशाफ्टची जोखीम पत्करणे होते, आणि सर्व्हिससाठी मिळणाऱ्या मोजक्या वेळात त्यावर काहीही करता येण्यासारखे नव्हते. आम्ही तिथेच थांबलो. गिअरबॉक्समधला एक लहानसा दोष निरोगी इंजिनालाही घरी बसवतो, ही गोष्ट मला हळूहळू असह्य होत गेली. गाडी चालवण्याचा आनंद कमी झाला नव्हता. पण चालवताना कान सतत त्या एका आवाजाकडे लागलेले असत, आणि नॅव्हिगेटरचे आकडे दुसऱ्यांदा विचारावे लागत.

एस्कॉर्टमध्ये गिअरबॉक्स जिथे असायला हवा तिथे, म्हणजे इंजिनाच्या मागे, स्वतःच्या ऑइलसह असतो. आतून गिअरची दांडी काढली, प्रोपेलर शाफ्ट मागे सोडवून ओढून घेतला, क्लचची केबल, स्टार्टर, बेल हाउसिंगचे बोल्ट आणि खालचा आधार सोडला की गिअरबॉक्स जमिनीवर उतरतो. गाडी लोखंडी घोड्यांवर उचलून धरलेली असेल तर दोन जाणती माणसे हे काम चटईवर पडून करू शकतात. माझ्या एस्कॉर्टचा दुसरा गिअर एकदा स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी धरेनासा झाला; संध्याकाळी सोबत आणलेला जादा गिअरबॉक्स चढवला आणि सकाळी आम्ही सुरुवातीच्या रेषेवर वेळेत उभे होतो. इंजिनाला त्या संपूर्ण प्रकरणाची वार्ताही नव्हती. मिनीचे जाणकार म्हणतील की ऑइल वेळेवर बदलले आणि गिअर नीट जुळवून बसवले तर मिनीही वर्षानुवर्षे त्रास देत नाही. ते बहुधा खरे असावे, आणि तशा मिनी मी पाहिल्याही आहेत. तरीही दोष उद्भवल्यावर काय करावे लागते हा प्रश्न मला दोष किती वेळा उद्भवतो यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

चालवण्याच्या दृष्टीने एस्कॉर्ट मिनीइतकी झटपट नाही, पण ती शिकवते. मागची चाके घसरू लागल्याचे ती वेळेत कळवते, ती घसरण अ‍ॅक्सिलरेटरने कमी-जास्त करता येते, आणि खडीच्या रस्त्यावर तर ही गाडी तिथेच जन्मल्यासारखी वागते. तिच्या कणखरपणाचे पुरावे सर्वज्ञात आहेत. १९७० च्या लंडन ते मेक्सिको या सुमारे २५,००० किलोमीटरच्या रॅलीत हान्नू मिक्कोला आणि गुन्नार पाम यांनी ती पहिली आणली. याच जोडीने १९७२ मध्ये पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली जिंकली, आणि आफ्रिकेबाहेरच्या चालकाने ती जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. ब्रिटनची आरएसी रॅली तर १९७२ पासून १९७९ पर्यंत सलग आठ वेळा एस्कॉर्टने जिंकली, पहिली तीन वर्षे याच मार्क वनने.

लंडन-मेक्सिको जिंकणाऱ्या गाडीत सोळा व्हॉल्व्हचे बीडीए इंजिन नव्हते, साधे पुशरॉड इंजिन होते, हे मला मुद्दाम नमूद करावेसे वाटते. बीडीए इंजिनाचा आवाज ऐकून कोणीही हरखून जाईल; तो मलाही आवडतो. पण त्याची उभारणी आणि ठरावीक काळाने करावी लागणारी पुनर्बांधणी यांचा खर्च इतका आहे की पहिल्या गाडीसाठी मी ते सुचवणार नाही. १५९९ सीसीचे क्रॉसफ्लो, म्हणजे साधे पुशरॉड इंजिन कोणत्याही अनुभवी मेकॅनिकला कळते, भाग नव्याने मिळतात, आणि रेग्युलॅरिटी प्रकारच्या स्पर्धेत, जिथे सहसा ताशी ५० किलोमीटरच्या आतली सरासरी सेकंदाबरहुकूम राखायची असते, तिथे त्याची ताकद पुरून उरते. स्पेशल स्टेजवर, म्हणजे कमीत कमी वेळात पार करायच्या टप्प्यांवर, निकालाच्या वरच्या भागात पोहोचायचे असेल तर हिशेब वेगळा होईल, हे मान्य.

एस्कॉर्टच्या विरोधात जे सांगायचे ते सांगितलेच पाहिजे. मागचा सलग अ‍ॅक्सल आणि पाटे यांमुळे तुटक्या डांबरावर गाडीची मागची बाजू उड्या मारते, आणि घाटाच्या अरुंद, ओल्या रस्त्यावर मिनी तिला सहज मागे टाकते, हे मी दोन्ही गाड्यांतून अनुभवले आहे. त्याहून गंभीर अडचण ओळखीची आहे. दोन दारांच्या मूळ बॉडी दुर्मिळ आणि महाग झाल्यामुळे अनेक गाड्या दुसऱ्याच बॉडीवर उभ्या केलेल्या असतात, आणि साध्या मॉडेलवर आरएस किंवा मेक्सिको या खास आवृत्त्यांचे चिन्ह लावणे अवघड नाही. एफआयए या जागतिक मोटरस्पर्धा संघटनेचा हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट गाडीची तांत्रिक रचना तिच्या काळाला अनुरूप आहे की नाही एवढेच सांगतो. तिच्या पूर्वायुष्याची हमी तो देत नाही. त्यामुळे नावासाठी जास्त पैसे मोजण्यापूर्वी चासी क्रमांक, जुनी नोंदणीपत्रे आणि जुनी छायाचित्रे यांचा मेळ स्वतः घालून पाहावा, किंवा माझ्याप्रमाणे नावाचा आग्रह सोडून प्रामाणिकपणे सांगितलेली, साध्या मॉडेलवर बांधलेली गाडी घ्यावी. कूपर एसच्या बाबतीतही नकली गाड्या भरपूर आहेत, म्हणून या एका मुद्द्यावर मिनीकडे झुकण्याचे कारण मला दिसत नाही.

आपण कोणत्या गटात धावणार आहोत हेही आधी ठरवलेले बरे. युरोपीय ऐतिहासिक रॅलीच्या नियमांत १९६९ अखेरपर्यंतच्या गाड्या एका गटात आणि १९७० ते १९७५ च्या दुसऱ्या गटात येतात. पहिल्या गटात मिनीला आजही मान आणि संधी दोन्ही आहेत. आपल्या आवडीच्या स्पर्धा मुख्यतः डांबरी आणि हिवाळ्यातल्या असतील, सोबतीला मिनीत मुरलेला मेकॅनिक असेल, आणि पूर्ण जुळवून तयार ठेवलेला इंजिन-गिअरबॉक्सचा दुसरा संच बाळगण्याची ऐपत असेल, तर मिनी घ्यावी. ती आपल्याला जो आनंद देईल तो एस्कॉर्ट देऊ शकणार नाही असे मला मनापासून वाटते. यांपैकी एक जरी अट पुरी होत नसेल तर एस्कॉर्ट पाहायला सुरुवात करावी. ती पाहायला जाताना रंग आणि इंजिनाकडे आधी लक्ष देऊ नये. बॉनेट उघडून पुढच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या वरच्या बैठका आणि बॅटरीखालचा पत्रा तपासावा, मग गाडीखाली शिरून चासीचे रेल आणि मागच्या पाट्यांचे हँगर हातोडीच्या दांड्याने ठोकत जावे. आवाज बोदा आला तर व्यवहार तिथेच थांबवावा, कारण गिअरबॉक्स एका संध्याकाळी बदलता येतो, पण गंजलेली बॉडी सरळ आणि पक्की करायला पुढचा अख्खा हंगाम जातो.