शे इंजिनाचं एचओ मॉडेल: कित्येक महिने चालवल्यानंतर

शे हे गिअरने चालणारं वाफेचं रेल्वे इंजिन. त्याचं मॉडेल घ्यायचं ते त्याच्या उजव्या बाजूसाठी. तीन उभे सिलिंडर, त्यांच्या पायाशी क्रँकशाफ्ट, आणि तिथून पुढे-मागे तिन्ही बोग्यांपर्यंत गेलेला उघडा शाफ्ट (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, चार चाकांची फिरती चौकट). सिलिंडरांचं वजन तोलण्यासाठी बॉयलर मध्यरेषेपासून डावीकडे सरकवलेला असतो. या एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणातल्या मॉडेलमध्ये समोरून पाहिल्यावर तो फरक स्वच्छ दिसतो. तिरपा वाटतो म्हणून कुणी बॉयलर ‘सरळ’ करायला जाऊ नये.

अमेरिकेतल्या मिशिगनच्या जंगलात लाकूडतोडीचा धंदा करणाऱ्या एफ्रेम शे यांनी १८८१ साली याचं पेटंट घेतलं. ओहायोतल्या लिमा कारखान्याने १९४५ पर्यंत अशी सुमारे २,७७० इंजिनं बांधली. घाईघाईने टाकलेले वेडेवाकडे रूळ, खडी चढण, वर ओंडक्यांचं वजन, अशा ठिकाणी हे इंजिन चालायचं, कारण गिअरमुळे प्रत्येक चाक ओढायचं. वेग मात्र बेताचाच.

म्हणून मॉडेलही हळूच चालवावं. ताशी १६ किमी वेग हवा असेल तर एक मीटर रूळ कापायला २० सेकंद लागले पाहिजेत. डीसीसी डिकोडरमध्ये (मॉडेलच्या आतल्या, वेग आणि आवाज सांभाळणाऱ्या डिजिटल चिपमध्ये) आधी सीव्ही ५ ही कमाल वेगाची सेटिंग खाली आणून वेग तिथे बांधून टाका, मग सीव्ही २ ही सुरुवातीच्या वेगाची सेटिंग इतपतच वाढवा की पहिल्याच पायरीवर इंजिन हळूच हलू लागेल. आवाजाचं गणितही वेगळं आहे. तीन सिलिंडर, दोन्ही बाजूंनी वाफ, म्हणजे क्रँकच्या एका फेरीत सहा फुसकारे. गिअरचं प्रमाण दोनाच्या आसपास, त्यामुळे चाकाच्या एका फेरीला डझनभर. साध्या इंजिनाचे चार फुसकारे ठेवलेत तर डोळ्यांना शे दिसतं आणि कानांना भलतंच काही ऐकू येतं. डिकोडरमध्ये गिअरच्या इंजिनाचा आवाज असेल तर तोच निवडा.

आता मुख्य दुखणं. काही महिन्यांनी माझ्या मॉडेलमधून चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. बोगीचं खालचं झाकण काढून भिंगातून पाहिलं, तर आतल्या प्लास्टिक गिअरला दोन दातांमधल्या खाचेत, जिथे जाडी सर्वांत कमी असते तिथेच, केसाएवढी चीर होती. गिअर धातूच्या आसावर घट्ट दाबून बसवलेला असतो. तो ताण सतत राहतो आणि शेवटी प्लास्टिक फाटतं. चीर पडली की त्या दोन दातांमधलं अंतर वाढतं, वर्म (गिअर फिरवणारा स्क्रूसारखा दांडा) तिथे अडतो आणि पुढे आस गिअरच्या आत नुसता फिरत राहतो. गोंदाने हे सुटत नाही. अशा प्लास्टिकला गोंद धरत नाही, आणि धरला तरी वाढलेलं अंतर तसंच राहतं. गिअर बदलावाच लागतो. नवा प्लास्टिकचा असेल तर भोक रीमरने (भोक मोठं करायच्या हत्याराने) किंचित मोकळं करा, हाताच्या जोराने बसेल इतपत, आणि तो धातूचे भाग पक्के करणाऱ्या द्रवाने आसावर धरून ठेवा. तो द्रव बाहेरच्या प्लास्टिकला लागू देऊ नका. पितळी गिअर मिळाला तर उत्तम. बसवताना चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर १४.५ मिमी आहे ना, ते मोजा. एक दिलासा असा की या इंजिनाला चाकं जोडणारे दांडे नाहीत, त्यामुळे दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांशी ९० अंशांत जुळवण्याची कटकट वाचते.

तीच काळजी शाफ्टला मात्र द्यावी लागते. दोन युनिव्हर्सल जॉइंटच्या (कोनात वळूनही फिरणाऱ्या सांध्यांच्या) मधल्या तुकड्यात चौकोनी दांडी चौकोनी नळीत सरकते. ती काढून परत घालताना एक बाजू चुकली की दोन्ही टोकांचे काटे एकाच पातळीत राहत नाहीत आणि वळणावर इंजिन एका फेरीत दोनदा झटका देतं. काढण्याआधी नळीवर आणि दांडीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका लावून ठेवा. शाफ्ट उजवीकडे असल्यामुळे डाव्या वळणावर तो बाहेरच्या बाजूला येतो, ताणला जातो आणि फार आवळ वळणावर दांडी नळीतून निसटते. ४५७ मिमी त्रिज्येवर माझं मॉडेल जातं, पण मी तरी त्याहून मोठं वळणच ठेवीन.

तिसऱ्या बोगीची वीजतार हा पुढचा कच्चा दुवा. बोगी वळते तशी तार डाखाच्या अगदी कडेला तुटते आणि इंजिन फाट्यांवर थबकू लागतं. मूळ कडक तार काढून सिलिकॉनच्या वेष्टनाची बारीक तार थोडी सैल वळवून डाखली की प्रश्न मिटतो.

तेलात हात आखडता ठेवा. वर्मला प्लास्टिकला चालणारं थोडं ग्रीस, क्रँक आणि जॉइंटला सुईच्या टोकावर मावेल एवढं तेल. उघडे गिअर केस आणि धागे गुंडाळून घेतात, म्हणून गालिच्यावर रूळ मांडून हे इंजिन कधीच चालवू नये. अधूनमधून चिमट्याने बोग्या साफ कराव्यात. रंगाने जुनाट रूप द्यायचं असेल तर कोरडी पूड शाफ्टच्या बाजूला टाकू नका.

इतकं सगळं सांभाळल्यावर ४ टक्के चढावर ओंडक्यांचे सहा डबे घेऊन ते सावकाश वर जातं आणि उजवीकडचे तिन्ही दांडे खाली-वर होताना एकेक मोजता येतात. त्यासाठी मी हे मॉडेल पुन्हा घेईन. वापरलेलं घेणार असाल तर ‘डब्यातून काढलेलंच नाही’ या शब्दावर विसंबू नका. चीर दाबाने पडते, चालवल्याने नव्हे, त्यामुळे कपाटातल्या मॉडेललाही ती पडू शकते. सगळ्यात कमी वेगावर दोन्ही दिशांना चालवून ऐका, इंजिन उलटं धरून आस हलकेच पिळून पाहा, आणि बदलीचे गिअर मिळतात का, ते पैसे देण्याआधी विचारा.