किल्लीचा टायमर, आठ महिने वापरून झाल्यावर

आधी तक्रारी सांगते. २५ मिनिटं लावली तर हा कधी साडेतेवीसलाच वाजतो, कधी सव्वीसला. फोनच्या घड्याळाशी ताडून पाहिलंय. कमी वेळ लावायचा तर चकती आधी बरीच पुढे फिरवून मग मागे आणावी लागते. सरळ ५ वर ठेवली की स्प्रिंग नीट ताणली जात नाही आणि घंटा मुकीच राहते. पहिल्या दिवशी ५ मिनिटांच्या सुट्टीत मी ४० मिनिटं झोपले, ती अशी.

तरी टेबलावरून हललेला नाही.

मी एमएस्सी संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागचा एक पेपर राहिलेला, वर प्रबंध. अभ्यास होत नव्हता असं नाही, तो संपतच नव्हता. जेवताना वाटायचं आत्ता पुस्तक उघडं हवं होतं, आणि पुस्तक उघडलं की नजर पानावर, डोकं निकालात. बारा तास खुर्चीत, त्यातले खरे किती, देव जाणे.

म्हणून हा टायमर. पद्धत अशी: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती, अशा चार फेऱ्यांनंतर १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी. फ्रान्चेस्को चिरिलो यानं १९८० च्या दशकाच्या अखेरीस, स्वतः विद्यापीठात शिकत असताना ही पद्धत काढली. त्याचा टायमर टोमॅटोच्या आकाराचा, म्हणून पोमोदोरो, इटालियनमध्ये टोमॅटोच. माझा आपला साधा पांढरा, गोल.

मला कामाला आली ती ती ५ मिनिटं. घंटा झाली की उठायचं, आणि उठल्याबद्दल मन खात नाही. फोनवरही टायमर असतो, मान्य. पण वेळ बघायला फोन उचलला की ग्रुपवर 'तुमची किती युनिट झाली?' दिसतं आणि पोटात गोळा येतो. या डबीत दुसऱ्यांचा अभ्यास दिसत नाही.

गणितं सोडवायला उत्तम. लिहायला बेकार! प्रबंधातला एखादा परिच्छेद कुठे जुळून येतोय आणि हा ठणाणा करतो. तेव्हा सरळ ड्रॉवरमध्ये. वाचनालयात तर नेऊच नका, टिकटिकीनं माना वळतात. खोलीत उशीखाली दाबून पाहिला, तर रूममेट म्हणाली, "आता उशीच टिकटिकतेय."

गाईडचं उत्तर तीन आठवडे येत नाही, तो ताण यानं तसूभरही कमी होत नाही. झोपच उडाली तेव्हा विद्यापीठाच्या समुपदेशक बाईंकडे गेले. फेऱ्यांची वही कौतुकानं दाखवली. त्यांनी पानं चाळली आणि विचारलं, "दिवस बंद किती वाजता करतेस?" ती वेळ मी ठरवलीच नव्हती.

आता बारावी फेरी शेवटची. त्यानंतर चकतीला हात लावत नाही. परीक्षेच्या आठवड्यात दोनदा लावला.

पाचपैकी साडेतीन.