टीव्हीखालच्या वायरी लपवायला काय घ्यावं: साधी केसिंग पट्टी की ऑनलाइन किट?

टीव्ही भिंतीवर चढला की त्याच्याखाली तीन-चार वायरी लोंबायला लागतात. सेट टॉप बॉक्सची एचडीएमआय, गच्चीवरच्या छत्रीची कोअॅक्स, राउटरची लॅन केबल आणि टीव्हीची स्वतःची पॉवर कॉर्ड. भिंत फोडून आत पाइप टाकायचा तर ते रंगकामाच्या आधी. ती वेळ हुकली असेल तर दोन पर्याय उरतात: इलेक्ट्रिकच्या दुकानातली पीव्हीसी केसिंग पट्टी, जी स्क्रूने बसते, नाहीतर 'केबल कन्सीलर' नावाने ऑनलाइन मिळणारं किट, ज्याच्या पाठीला डबल टेप असते. फोटोत किट देखणं दिसतं. हॉलच्या भिंतीसाठी मात्र आमचं मत सरळ पट्टीला.

पहिलं कारण सांध्यांचं. कुरिअरमध्ये मावावं म्हणून बहुतेक किटमधले तुकडे ४० सेंटिमीटरचे असतात. बोर्डापासून टीव्हीपर्यंतचा रस्ता २.४ मीटरचा धरला तर सहा तुकडे आणि पाच सांधे. प्रत्येक सांध्यावर भिंतीचा उंचवटा आपली करामत दाखवतो, आणि समोर सोफ्यावर बसणाऱ्याला वायरीऐवजी पाच आडव्या रेघा दिसतात. केसिंग पट्टी साधारण दोन मीटर लांब येते, म्हणजे तेवढ्याच रस्त्यात एक सांधा. किंमत फुटावर मोजली तर किट पट्टीच्या काही पट पडतं, ते वेगळंच.

दुसरं कारण भिंतीचं. टेप भिंतीला धरत नाही, भिंतीवरच्या रंगाला धरते. आणि रंग डिस्टेंपरचा असेल तर त्याची भुकटी टेपेला चिकटते, भिंत मोकळीच राहते. काळं फडकं भिंतीवर दाबून फिरवा. पांढरं उमटलं तर किटचा विचार सोडा. प्लास्टिक पेंटवर टेप धरते, पण रंग नुकताच झाला असेल तर महिनाभर थांबावं. शिवाय गिलावा कधीच आरशासारखा सपाट नसतो. सरळ पट्टी उंचवट्यांवर टेकते, खोलगट भागात टेपेखाली हवा राहते. तशात पावसाळ्यात भिंत दमट झाली की एक टोक सुटतं, मग वायरींचं वजन उरलेली पट्टी ओढून काढतं, आणि सोबत रंगाचा पोपडाही येतो.

किटच्या अर्धगोल आकारातही मेख आहे. पाकिटावर ३० बाय १५ लिहिलेलं असतं, पण ती उंची फक्त मधोमध. कडेला छत उतरतं, तिथे जाड केबल बसत नाही. काही किटांना झाकण बिजागरीसारखं जोडलेलं असतं. चार-पाच वेळा उघडझाप केली की ती घडी पांढरी पडून चिरते.

किटला खरी जागा एकच, ती म्हणजे टाइल्सचं स्कर्टिंग. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांना भिंतीला भोक पाडायची मुभा नसते, त्यांनी वायर भिंतीवरून तिरकी न नेता स्कर्टिंगच्या वरच्या कडेने फिरवून न्यावी. गुळगुळीत टाइल स्पिरिटने पुसून कोरडी केली आणि तुकडा ३० सेकंद घट्ट दाबला की टेप तिथे छान धरते. स्कर्टिंगच्या अगदी तळाशी मात्र लावू नये, रोजच्या पोछ्याचं पाणी आत जातं.

आता पट्टी. दुकानात २०, २५, ३२, ४०, ५० मिमी अशी मापं मिळतात. हे माप बाहेरच्या रुंदीचं. २५ च्या पट्टीत आत जेमतेम २२ मिमी रुंदी आणि १० मिमी खोली मिळते, कंपनीनुसार थोडं कमीजास्त. खोलीचा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण केबल एकावर एक रचली की टोपी, म्हणजे पट्टीचं वरचं झाकण, बसतच नाही. म्हणून हिशेब एका ओळीत मांडायचा: एचडीएमआय ७ मिमी, छत्रीची आरजी-६ कोअॅक्स ७, कॅट-६ लॅन ६, झाले २०. म्हणजे २५ च्या पट्टीत या तिघी शेजारी शेजारी बसतात, चौथी नाही. चौथी येण्याची शक्यता असेल तर आत्ताच ३२ ची घ्या. कापडी वेष्टणाची लांब एचडीएमआय याहून जाड असते, ती दुकानात नेऊन पट्टीत घालून बघावी. पट्टीचं झाकण पूर्ण लांबीभर उघडतं, त्यामुळे एचडीएमआयचा सुमारे २० मिमी रुंद प्लग आतून ओढायची वेळ येत नाही. पाइपापेक्षा पट्टी सोयीची ती इथे.

दुकानात पट्टी दोन बोटांत धरून किंचित वाकवून पाहावी. हलक्या मालाची पट्टी कडकन चिरते. टोपी लावून उलटी धरा, झटका द्या. सुटली तर दुसरी कंपनी मागा. पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लोहार चाळ इथे चार कंपन्यांचा माल एका काउंटरवर बघायला मिळतो, नाक्यावरच्या दुकानात बहुधा एकाचाच. सोबत एल्बो, टी, आतला कोपरा, बाहेरचा कोपरा हे जोडही मिळतात. ते पट्टीच्याच कंपनीचे घ्यावेत, नाहीतर ओठ, म्हणजे टोपी अडकते त्या कडा, जुळत नाहीत.

बसवण्याआधी ओळंबा लावून पेन्सिलने रेघ मारा. डोळ्याच्या अंदाजाने मारलेली उभी पट्टी टीव्हीच्या कडेशेजारी तिरकी दिसते आणि मग ती रोज खुपते. पट्टीचं वरचं टोक टीव्हीच्या खालच्या कडेपेक्षा पाच-सात सेंटिमीटर वर, टीव्हीमागे जाऊ द्या, म्हणजे केबल बाहेर पडताना दिसत नाही.

भोकं ६ मिमीच्या बिटने पाडायची, गिट्टी (भोकात ठोकायची प्लास्टिकची खुंटी) आणि एक इंची स्क्रू. पहिलं भोक टोकापासून पाच सेंटिमीटरवर, पुढे दर ६० सेंटिमीटरला एक. स्क्रू चपट्या, आत बुडणाऱ्या डोक्याचाच हवा. गोल डोकं वर राहिलं तर केबल त्यावर घासते आणि टोपी फुगते. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली भिंतीत पाइप असतो, तो उभा पट्टा दोन्ही बाजूंनी वीतभर सोडूनच ड्रिल चालवा. बोर्डाजवळ काम असेल तर त्या लाइनचा एमसीबी पाडून ठेवावा आणि ड्रिलला वीज दुसऱ्या खोलीतून घ्यावी. माइव्हानच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या इमारतीत सगळीच भिंत काँक्रीटची, तिथे साधं ड्रिल नुसतं गरम होतं, हॅमर ड्रिल लागतंच. सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीत उलटं: भोक लोण्यासारखं पडतं आणि गिट्टी गोल फिरते. तिथे लांब गिट्टी आणि दोन इंची स्क्रू वापरावा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते स्क्रू आवळताना. भिंतीत खळगा असेल तिथे स्क्रू पूर्ण कसला की पट्टीचा तळ खळग्यात ओढला जातो, दोन्ही ओठ फाकतात, आणि टोपी नेमकी तिथेच सुटते. वायरमन मग टोपीवर फेविक्विक सोडतो. तसं अजिबात करू देऊ नका, पुढच्या वेळी पट्टी फोडूनच उघडावी लागेल. स्क्रू अर्धा फेरा ढिला ठेवला किंवा मागे पुठ्ठ्याचा तुकडा दिला की काम होतं.

कापायला बारीक दात्यांची हॅक्सॉ, आणि कापताना टोपी लावलेलीच असू द्या. उघडी पट्टी करवतीखाली थरथरते आणि ओठ तुटतो. काटकोनी वळणासाठी दोन्ही तुकडे ४५ अंशांत कापायचे, गुण्याने तपासायचे, कडेची कुसळं कानशीने काढायची. एक बारकावा हमखास राहून जातो: तळाचा सांधा आणि टोपीचा सांधा एकाच जागी येऊ देऊ नये. टोपी सांध्यापलीकडे वीतभर पुढे नेली की जोड सरळ राहतो आणि लांबून दिसतही नाही.

पॉवर कॉर्ड या पट्टीत नको. २३० व्होल्टच्या वायरीचं वेष्टण कुठे सोललं तर कोअॅक्सची आणि एचडीएमआयची धातूची जाळी जिवंत होते, आणि ती जाळी थेट छत्रीपर्यंत जाते. दोन २५ च्या पट्ट्या शेजारी शेजारी लावा, एकीत सिग्नल, दुसरीत वीज. भिंतीवर ५० मिमीचा एकच पट्टा दिसतो. त्याहून चांगलं म्हणजे दुसऱ्या पट्टीतून दीड चौरस मिमीच्या तीन वायरी, फेज, न्यूट्रल, अर्थिंग, नेऊन टीव्हीमागेच ६ अँपिअरचा पॉइंट काढून घेणं. हे काम परवानाधारक वायरमनचं. कॉर्ड कमी पडली म्हणून मधेच सोलून, पीळ देऊन, इन्सुलेशन टेप गुंडाळलेला जोड पट्टीत दडवलेला अनेक घरांत सापडतो, आणि आग लागायला तेवढं पुरतं.

फायबरचं इंटरनेट असेल तर त्या बारीक वायरीला काटकोनात दुमडू नका. कोपऱ्यात तीन सेंटिमीटर त्रिज्येचं वळण द्या, उरलेली वायर तळहाताएवढ्या वेटोळ्यात ठेवा. एल्बोमध्ये दाबून बसवलेलं फायबर त्या दिवशी चालतं, पुढे सिग्नल पडतो आणि दोष राउटरला लागतो.

पट्टी भिंतीच्या रंगात हवी असेल तर पीव्हीसीवर प्लास्टिक पेंट थेट धरत नाही, नखाने निघतो. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मारून, प्लास्टिकला चालणारा प्रायमर देऊन मग रंगवा. टोपी काढून वेगळी रंगवावी. लावून रंगवली तर फटीत रंग सुकतो आणि उघडताना कडा तुटते.

एक्स्टेंशन बोर्ड झाकायचे प्लास्टिकचे बॉक्स हल्ली सगळीकडे दिसतात. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, साउंडबार एवढ्याचे अडॅप्टर असतील तर ठीक, पण दोन्ही बाजूंना हवेच्या फटी असलेलाच घ्यावा. बोर्डाची उरलेली वायर आत गुंडाळी करून कोंबू नये, भार वाढला की गुंडाळी तापते. इस्त्री किंवा हीटर त्या बोर्डावर नकोच. राउटर आत ठेवला तर तो तापतो, आणि झाकण पत्र्याचं असेल तर वायफायही जातं. आणखी एक, जे कुठल्याच जाहिरातीत नसतं: अॅडॅप्टरची ऊब झुरळांना फार आवडते. महिन्यातून एकदा बॉक्स उघडून झटकावा लागतो.

कामाच्या टेबलाला पट्टीपेक्षा टेबलाखाली स्क्रूने बसणारी जाळीची ट्रे सरस. आयकियाची सिग्नम याच जातीची. स्क्रू मात्र फळीच्या जाडीपेक्षा आखूड हवेत. १८ मिमीच्या प्लायला १५ मिमीचा स्क्रू, नाहीतर टोक वर सनमायका फोडून येतं. ट्रेमधल्या वायरी प्लास्टिकच्या टायने आवळू नका, वेल्क्रोचे पट्टे वापरा आणि दोन्ही टोकांना कागदी पट्टीवर नाव लिहून चिकटवा. चार्जर बदलायचा झाला की टाय कापावी लागते, आणि कात्रीची धार शेजारच्या केबलवर कधी लागली ते कळतही नाही.